भूत वाड्यातलं, भांडण वाट्याचं

मुंबई-गोवा महामार्गाने खेड सोडून चिपळूणकडे निघालं, की परशुराम घाट लागायच्या आधी लोटे येतं. बाकीच्या कोकणात रात्री आठनंतर रस्ते निजतात. लोट्यात तसं होत नाही. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने रात्रभर चालू असतात. पाळी सुटते, दुसरी चढते. कंपनीच्या बसमधून उतरलेली माणसं डब्याची पिशवी सांभाळत घाणेखुंटाकडे, पीरलोट्याकडे, गुणद्याकडे वळतात. दुसऱ्या पाळीचा माणूस घरी येऊन आंघोळ करून ताटावर बसेपर्यंत मध्यरात्र जवळ आलेली असते. अशा गावात रात्री साडेदहाला लागणारी भुताची मालिका कोण बघणार, असं कुणालाही वाटेल.

पण ती बघितली गेली. २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, आणि काही आठवड्यांतच खेड-चिपळूण एस.टी.त, किराणा दुकानात, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नाईकांच्या वाड्याची चर्चा होऊ लागली. ज्याची पाळी आड यायची तो दुसऱ्या दिवशीचं पुनःप्रक्षेपण गाठायचा किंवा मोबाईलवर भाग बघायचा. ते बोलणं मी कान देऊन ऐकत आलो आहे. भुताला किती घाबरलो, हे त्यात थोडंच असायचं. अण्णांनी केलं ते बरोबर का, माईंनी का सोसलं, शेवंताचं चुकलं कुठे, दत्ताला काय मिळालं, यावरच माणसं हमरीतुमरीवर यायची. भुताखेतांच्या मालिकेने एवढे कौटुंबिक वाद का पेटवले, या प्रश्नाने मला तेव्हापासून धरून ठेवलं आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वाडा सिंधुदुर्गातला, चित्रीकरण झालं ते आकेरी गावात. मालिकेचं नाव ‘हा खेळ सावल्यांचा’ या १९७६च्या चित्रपटातल्या, सुधीर मोघे यांनी लिहिलेल्या आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेल्या गाण्यातून आलेलं. घरातले कर्ते अण्णा नाईक वारतात आणि पांगलेली मुलं वाड्यावर जमतात, इथून पहिलं पर्व सुरू होतं. थोरला माधव मुंबईकर, त्याची बायको निलिमा शिकलेली, विज्ञान मानणारी. मधला दत्ता गावातच राहून घर-शेत सांभाळणारा, त्याची बायको सरिता. बहीण छाया विधवा, माहेरी राहिलेली. धाकटा अभिराम, त्याची होणारी बायको देविका. आणि या सगळ्यांच्या मधोमध माई. दिवस उलटू लागतात, वाड्यात विचित्र गोष्टी घडू लागतात आणि त्याच वेळी अण्णांच्या इस्टेटीचा विषय निघतो. पहिलं पर्व ऑक्टोबर २०१६मध्ये संपलं. १४ जानेवारी २०१९ रोजी दुसरं पर्व आलं ते भूतकाळात शिरून. मेलेले अण्णा त्यात जिवंत होते. तिसरं मार्च २०२१मध्ये सुरू झालं आणि एप्रिल २०२२पर्यंत चाललं.

पहिल्याच पर्वाला कोकणातून विरोध झाला. विरोधात दोन वेगळी माणसं बोलत होती, आणि ती वेगवेगळीच ऐकायला हवीत. एक म्हणत होता, कोकणाची बदनामी चालली आहे; आमच्याकडे काय फक्त करणी आणि देवदेवस्की चालते? दुसरा म्हणत होता, याने अंधश्रद्धेला खतपाणी मिळेल. दुसऱ्याच्या बोलण्याला ताज्या जखमेची धार होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याला तीन वर्षंही उलटली नव्हती. अशा वेळी रोज रात्री घराघरांत उतारे आणि लिंबू-टाचण्या दाखवायच्या का, हा प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. निलिमासारखं पात्र बुद्धीची बाजू लढवायला ठेवलं होतं. पण पार्श्वसंगीत कुणाच्या बाजूला होतं, हे लहान पोरालाही कळत होतं.

बदनामीच्या तक्रारीशी मात्र मी सहमत नाही. कोकणातला माणूस देवचार, राखणदार, मुंजा, हडळ, जाखीण, चकवा ही नावं आजीच्या मांडीवर ऐकतो. राखणदाराला वर्षाचा मान देतो, गाऱ्हाणं घालतो, देवाला कौल लावतो. आमच्या उत्तर रत्नागिरीत नमन-खेळ्यांत संकासुर नाचतो आणि शेंबडी पोरं आधी आईच्या पदराआड लपतात, मग त्याच्याच मागे धावतात. पीरलोट्यासारख्या नावातच पीर बसलेल्या गावांत, खेड-चिपळूणच्या मुसलमान मोहल्ल्यांत जिनांच्या गोष्टी तितक्याच रंगतात. हे सारं लपवून ठेवावं असं त्यात काही नाही. प्रश्न एवढाच, की त्या गोष्टी सांगून तुम्ही माणसाला शहाणं करता की भेदरवता.

एक गोष्ट या मालिकेने निर्विवाद चांगली केली. मालवणी आधी मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला ठाऊक होती ती हसण्यासाठी. १९८०मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘वस्त्रहरण’ने, मच्छिंद्र कांबळींनी तिला घराघरांत नेलं, पण त्यानंतर मालवणी कानावर पडली की माणूस आधीच हसायच्या तयारीत बसू लागला. ‘रात्रीस खेळ चाले’ने तीच बोली रडायला, धमकावायला, शापायला, लाडीगोडी लावायला वापरली. विसराळू पांडूने ‘इसारलंय’ म्हणून हसवलंही. हा पांडू रंगवणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखकांपैकी एक. बोली आतून येत होती ती त्यामुळे. लोट्यातल्या माणसाची बोली मालवणी नाही. आमचे हेल वेगळे, क्रियापदं वेगळी. सिंधुदुर्गातला माणूस बोलायला लागला की आम्हालाही क्षणभर कान टवकारावे लागतात. तरीही हे आपल्यातलंच कुणीतरी बोलतंय, असं इथल्या बायकांना वाटलं.

आता अण्णांकडे वळू. माधव अभ्यंकरांनी उभा केलेला हा माणूस. गावावर जरब, नजर वखवखलेली, शेजाऱ्याची जमीन गिळणारा, बायका नासवणारा, खून पचवणारा. लेखकांनी त्याच्या बाजूने सफाई दिलेली नाही. तरीसुद्धा दुसऱ्या पर्वानंतर महाराष्ट्रभर अण्णा नाईक लाडके झाले. मोबाईलवर त्यांची चित्रं फिरली, त्यांच्या तोंडी नवनवे संवाद घातले गेले, आकेरीच्या वाड्यासमोर उभं राहून फोटो काढायला लोक जाऊ लागले. अण्णा मालिकेतून गेले तेव्हा हळहळ झाली, आणि तिसऱ्या पर्वात ते भूत होऊन परतणार म्हटल्यावर आनंद झाला.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत १९६६ ते १९७१ या काळात ‘डार्क शॅडोज’ नावाची गूढ मालिका चालली. तिच्यात १९६७मध्ये बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू पिशाच्च थोड्या दिवसांसाठी म्हणून आणला होता. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तो मालिकेचा नायक होऊन बसला. जोनाथन फ्रिड या नटाला त्या एका भूमिकेने आयुष्यभराची ओळख दिली. पण बार्नबसचं पाप कल्पनेतलं होतं. रक्त पिणारा शेजारी कुणाच्याच वाट्याला येत नाही. अण्णांचं पाप आपल्या वाडीतलं आहे. कूळ हुसकावणं, विधवेचा तुकडा बळकावणं, घरात बायको असताना दुसरीकडे उघड जाणं आणि तरी देवळात पहिला मान घेणं, अशी माणसं कोकणातल्या वृद्धांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना कुणी जाब विचारू शकलं नाही. अशा माणसाचं पडद्यावर कौतुक झालं की मला ते खटकतं, आणि ते मी लपवणार नाही. अभ्यंकरांच्या अभिनयाला दाद द्यावी तेवढी थोडी. पण अण्णांसारखा दरारा हवा, असं एखादा तरुण हसत हसतही म्हणतो, तेव्हा त्या दराऱ्याखाली कोण दबलं होतं ते त्याला कुणीतरी सांगायला हवं.

मालिकेने ते सांगितलं होतं. शेवंता त्याचसाठी होती. अपूर्वा नेमळेकरने ती इतक्या ताकदीने केली, की पुढे २०२२मध्ये ‘बिग बॉस मराठी’त ती गेली आणि अंतिम फेरीत दुसरी आली तेव्हाही लोकांच्या तोंडी शेवंता हेच नाव होतं. पाटणकरांची ही बायको अण्णांच्या नादी लागते, एवढ्यावर पुष्कळांनी तिचा निकाल लावला. पण बायकांचं बोलणं नीट ऐकलं तर त्यात दुसरंच काही असायचं. शेवंताला शरीरसुख हवं होतं, हे तर खरंच. पण तिला त्याहून जास्त घर हवं होतं. त्या वाड्याचा उंबरा मानाने ओलांडायचा होता. अण्णांनी तिला साड्या दिल्या, दागिने दिले, शब्द दिले. नाव दिलं नाही. शेवंताला सटवी म्हणणारी बाईच पुढच्या वाक्यात म्हणायची, की तिचं काय चुकलं, त्याने फसवलंन तिला. एकाच तोंडून निवाडा आणि माया दोन्ही येत होतं.

तिसऱ्या पर्वात अपूर्वाने मालिका सोडली आणि कृतिका तुळसकर शेवंता म्हणून आली, तेव्हा प्रेक्षक बिथरले. नव्या मुलीने मेहनत घेतली. पण लोकांना ती परकी वाटली. मराठी मालिकांत नट बदलणं नवं नाही, आणि प्रेक्षक चार दिवस कुरकुरून सरावतो. शेवंताच्या बाबतीत तो सहज सरावला नाही. त्याने या बाईशी भांडण मांडलं होतं, आणि ज्या चेहऱ्याशी भांडायचं तो चेहराच निघून गेला होता.

माईंबद्दल मात्र गावात फारसं कुणी भांडलं नाही. शकुंतला नरे यांनी माई किती संयमाने केल्या ते आठवून बघा. त्यांच्याकडे सारं होतं: मंगळसूत्र, वाड्याच्या किल्ल्या, देवघर, मुलं. आणि त्यांच्या हातात काहीच नव्हतं. नवऱ्याचं सगळं ठाऊक असून पान वाढायचं, सणावाराला त्याच्या शेजारी पाटावर बसायचं, आणि नवरा गेल्यावर त्याच्या पापांची भुतं पोरांना छळतात ते बघायचं. माई चांगल्या आहेत, असं म्हणून लोक पुढच्या पात्राकडे जायचे. या मालिकेवरच्या साऱ्या प्रतिसादात मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली. अण्णांना दरारा मिळाला, शेवंताला सहानुभूती मिळाली; माईंना फक्त चांगुलपणाचं प्रमाणपत्र मिळालं, जसं घरोघरच्या माईंना मिळतं.

दत्ता आणि माधव यांच्यावरून तर लोट्यात खरोखरची भांडणं ऐकली आहेत. गावात राहिलेला भाऊ आणि मुंबईला गेलेला भाऊ, हा उत्तर रत्नागिरीतल्या जवळपास प्रत्येक घराचा विषय आहे. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला पालखी नाचवायला येतो, आंबे-फणस घेऊन जातो आणि जाता जाता जमिनीचं काय केलंस विचारतो. गावातला भाऊ वर्षभर घराची कौलं चाळतो, आई-बापाला दवाखान्यात नेतो, गडग्यावरून शेजाऱ्याशी वाद घालतो. सातबाऱ्यावर मात्र दोघांची नावं सारखीच. पडद्यावर माधव काही बोलला की गावातले दत्ता चिडायचे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत हीच मालिका चाकरमान्यांसोबत बघताना घरातलं वातावरण तंग व्हायचं.

कोकणातली जमीन तुकड्या-तुकड्यांची. आजोबा-पणजोबांच्या नावांनंतर सातबाऱ्यावर वारसांची रांग लागते. एकेका गुंठ्याला कितीतरी हिस्सेदार. कुणी मुंबईत, कुणी बडोद्याला, कुणाचा पत्ताच नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय वाटप होत नाही, वाटप झाल्याशिवाय घर दुरुस्त होत नाही, आणि दुरुस्ती नसलेलं घर काही पावसाळ्यांत बसतं. वासे कुजतात, माजघरात वटवाघळं लटकतात, विहिरीत पिंपळ उगवतो. मग गावातली पोरं त्या घराला भुताचं घर म्हणतात. कोकणातल्या कितीतरी भुतांचा जन्म असा तलाठ्याच्या दप्तरात झालेला आहे.

या नजरेने नाईकांच्या वाड्याकडे पाहिलं की मालिकेची सगळी भुतं ओळखीची होतात. वच्छीचं घर अण्णांनी देशोधडीला लावलं, म्हणून ती सूडाने पेटली. संजीवनी पाटील यांची वच्छी बघताना अंगावर काटा यायचा तो तिच्या डोळ्यांतल्या हिशेबामुळे. सुषमा अण्णांची लग्नाबाहेरची मुलगी, वाड्याच्या दाराशी येऊन उभी. छाया पोटची लेक, तरी माहेरी आश्रितासारखी. घालूनपाडून बोलते म्हणून प्रेक्षक तिच्यावर चिडायचे. पण तिच्या तोंडाची धार कशाने आली, हे कुणी विचारलं? नवरा गेला, सासर सुटलं आणि बापाच्या घरात तिची जागा भावजयांच्या मर्जीवर. शेवंता, वच्छी, सुषमा, छाया: चौघी त्या वाड्यात आपला वाटा मागत होत्या. चौघींना कुणी ना कुणी वाईट म्हटलं.

महाराष्ट्राने १९९४मध्येच हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. देशाने तो २००५मध्ये दिला. तरीही आमच्याकडे बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी, ही रीतच समजतात. सही दिली की बहीण चांगली. भाऊबीजेला साडी, मे महिन्यात आंब्याची पेटी. नाही दिली की तिचं माहेर तुटलं. छायावर रागावणाऱ्या प्रेक्षकांत अशी सही घेतलेले भाऊ किती असतील आणि दिलेल्या बहिणी किती, हा विचार मला मालिका बघताना वारंवार यायचा.

इथे खेड तालुक्याचीच एक गोष्ट सांगायला हवी. लोट्यापासून फार लांब नाही, जगबुडीच्या खाडीकाठी तुंबाड आहे. श्री. ना. पेंडसे यांनी १९८७मध्ये ‘तुंबाडचे खोत’ लिहिली ती याच गावाचं नाव घेऊन. पुढे राही अनिल बर्वे यांनी तेच नाव आपल्या हिंदी चित्रपटाला दिलं. २०१८चा तो ‘तुंबाड’ पहिल्यांदा लागला तेव्हा त्याला बेताचाच प्रेक्षक मिळाला. सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि त्याने पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. सततचा पाऊस, ओला वाडा, सोन्यासाठी हपापलेला हस्तर हे सगळ्यांना आठवतं. पण त्या कथेची सुरुवात आठवा. म्हाताऱ्या सरकाराची सेवा करणारी, त्याने ठेवलेली एक बाई, तिची पोरं, आणि वर्षानुवर्षांच्या सेवेच्या बदल्यात तिला हवी असलेली एक सोन्याची मोहर. तिथेही भुताच्या आधी वाटाच आहे.

खोतीच्या मुलखात दुसरं काय असणार? रत्नागिरी जिल्ह्याने गावाचा सारा वसूल करणारे खोत पिढ्यानपिढ्या भोगले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. जानेवारी १९३८मध्ये शेतकरी मोर्चाने मुंबईत विधिमंडळावर गेले. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. अण्णा नाईक खोत नव्हेत. पण त्यांचा आवाज, ओटीवर बसण्याची पद्धत, गड्याला हाक मारण्याचा सूर खोताचाच. ज्या घरांनी कूळ म्हणून त्या आवाजाला हात जोडले, त्यांचीच नातवंडं आज अण्णांचे फोटो एकमेकांना पाठवतात. भीती गेली म्हणून ती हसू शकतात, असं कुणी म्हणेल. मलाही तसं मानायला आवडेल. पण मग हसताना त्या भीतीची आठवण तरी असायला हवी, आणि ती मला दिसत नाही.

लोट्याची स्वतःची भीती वेगळी आहे. मालिकेच्या तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग २२ मार्च २०२१ रोजी लागला. त्याच्या दोनच दिवस आधी, २० मार्चला, लोट्याच्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. इथे रात्री उग्र वास आला की माणूस खिडकी लावतो आणि पाळीवर असलेल्या आपल्या माणसाला फोन करतो. तो उचलेपर्यंत घरात कुणी बोलत नाही. दाभोळ खाडीतल्या मासेमारांनी सांडपाण्याविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत. मासळी मेली की त्यांच्या चुलीवर परिणाम होतो. या भीतीला पार्श्वसंगीत नाही, हिच्यावर उतारा चालत नाही आणि हिच्यावर अजून कुणी मालिका लिहिलेली नाही. असं असूनही त्या आठवड्यात इथल्या घरांतून अण्णांचं भूत बघितलं गेलं. त्यात मला काही वावगं वाटत नाही. जीव मुठीत धरून जगणाऱ्या माणसाला रात्री अर्धा तास खोटी भीती हवीशी वाटते, कारण ती ठरल्या वेळी संपते.

मालिका लिहिणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. कोकणात पुन्हा वाडा उभारणार असाल तर या वेळी त्याच्या किल्ल्या माईंच्या कमरेला नुसत्या लटकवू नका. गोष्टच त्यांच्या बाजूने सांगा. छायाला तिची बाजू मांडू द्या. आणि एकदा तरी महाडच्या खाली, संगमेश्वरच्या वर जी बोली आहे ती पडद्यावर येऊ द्या. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगडच्या माणसांनी फार वर्षं दुसऱ्यांच्या बोलीत स्वतःला शोधलं आहे. लोट्याच्या रात्रपाळीवरही चांगलं लिहिता येईल, फक्त लिहिणाऱ्याने इथे येऊन चार माणसांशी बोलायला हवं.

आणि वाचकहो, दिवाळीला गावी आलात, की तलाठ्याकडून घराचा सातबारा काढून घ्या, नाहीतर आता तो मोबाईलवरही मिळतो. त्यावर आईचं, आत्याचं, बहिणीचं नाव आहे का ते बघा. नसेल तर का नाही, ते भाऊबीजेच्या आधी घरात विचारा.